डीजेचे यंत्र घेताना : आधी काम मोजा, मग माल पारखा

लग्नसराई जवळ आली की मालेगावच्या मोहल्ल्या-मोहल्ल्यात दोन-चार तरुण तरी ‘साउंडचा धंदा’ सुरू करण्याच्या गोष्टी बोलू लागतात. यात नवल नाही. लूमच्या खडखडाटात वाढलेली ही मुले. कोणत्या लूमची लय बिघडली हे ती पाठमोरी उभी राहून सांगतात. कान तयार आहे, हात तयार आहे. मग लूमवर बारा तासांची पाळी करण्यापेक्षा स्वतःचा कारोबार का करू नये, असे त्यांना वाटते.

माझ्या भाच्यालाही असेच वाटले. दोन हंगाम तो एका साउंडवाल्याकडे रात्रीच्या सातशे रुपयांवर मदतनीस होता. एके दिवशी माझी धाकटी बहीण त्याला घेऊन गादीवर आली आणि रुमालात बांधलेल्या चार बांगड्या तिने माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, “भाईजान, याला डीजेचे मशीन घ्यायचे आहे. तुम्ही माल पारखता. हेही पारखून द्या. पण जिथे दारू चालते तिथे हे मशीन जाणार नाही, एवढे याच्याकडून कबूल करून घ्या.”

कापडात तीस वर्षे गेली, पण असे यंत्र मी हातातही धरले नव्हते. संगीताच्या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो विषय त्यांचा आहे आणि ज्याच्या मनात शंका असेल त्याने आलिमांना विचारूनच पाऊल टाकावे. मी लिहितो आहे ते केवळ माल आणि रक्कम या दोन गोष्टींबद्दल. कारण या धंद्यात आपल्या मुलांचा पैसा बुडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या खरेदीत.

यंत्र म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ‘डीजे’ म्हटले की ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. कंट्रोलर ही निराळी वस्तू आहे. पूर्वी हे काम करणारा माणूस दोन तबकड्या आणि मध्ये एक मिक्सर घेऊन बसे. टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे १९७२ साली आलेले तबकडीयंत्र जगभर याच कामाला वापरले गेले. पुढे सीडीची यंत्रे आली. पायोनियरचे सीडीजे-१००० हे २००१ चे. मग गाणी लॅपटॉपमध्ये गेली आणि त्या गाण्यांना हाताने चालवण्यासाठी कंट्रोलर आला.

म्हणजे कंट्रोलरच्या पोटात गाणे नसते. गाणे लॅपटॉपमध्ये, त्याला चालवणारे सॉफ्टवेअरही लॅपटॉपमध्ये. कंट्रोलरवर दोन गोल चकत्या असतात, त्यांना जॉग व्हील म्हणतात. गाण्याचा वेग कमी-जास्त करणारी पट्टी, जड-मध्यम-बारीक आवाजाच्या गुंड्या, दोन गाण्यांच्या आवाजाच्या दोन पट्ट्या आणि एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी, म्हणजे क्रॉसफेडर, एवढा हा संसार. शिवाय आत एक साउंड कार्ड असते. ते एक आवाज बाहेर स्पीकरला देते आणि दुसरा फक्त चालवणाऱ्याच्या हेडफोनला. ही दुसरी सोय सर्वांत मोलाची. गिऱ्हाइकापुढे पुढचा थान उलगडण्याआधी आपण तो आत बघून घेतो, तसे पुढचे गाणे लोकांना ऐकू जाण्याआधी तपासून, लय जुळवून ठेवता येते.

माझी पहिली चूक

भाच्याने दोन यंत्रे हेरून ठेवली होती. एक नवे, दोन चॅनलचे, वजन जेमतेम दोन किलो. दुसरे जुने, चार चॅनलचे, भारदस्त, दिव्यांनी भरलेले. धंदा सोडणारा एक माणूस ते विकत होता. भाव जवळपास दुप्पट. मी दोन्ही हातात घेऊन बघितली आणि लगेच म्हणालो, “माल तर हा मोठा आहे. लहान ते खेळणे दिसते.”

भाचा हसला. म्हणाला, “मामू, तुम्हीच सांगता ना, कांजी मारलेल्या कापडाचे वजन खरे धरू नये?”

गोष्ट खरी होती. कांजी भरलेले कापड हाताला जाड लागते, वजनात भरते, आणि पहिल्या धुण्यात त्याची खरी वीण दिसते. मी यंत्राचे वजन बघत होतो, वीण बघितलीच नव्हती. म्हणून त्याला सांगितले, आज काही घ्यायचे नाही. आधी मागच्या हंगामाची डायरी आण.

डायरीने काय सांगितले?

मुलाने प्रत्येक कामाची नोंद ठेवली होती, ही मोठी जमेची बाजू. एका हंगामातली एकतीस कामे निघाली. त्यांपैकी बारा कामांत गाणे नव्हतेच; निकाह, जलसा, शाळेचे बक्षीस वितरण, नातची मैफल. तिथे हवा होता तो चांगला माइक आणि साधा मिक्सर. उरलेल्या एकोणीसपैकी अकरा ठिकाणी एकामागून एक गाणी लावण्यापलीकडे काही करावे लागले नव्हते. दोन गाण्यांची लय जुळवून मिसळण्याचे खरे काम फक्त आठ रात्री होते. आणि एकाच वेळी चार गाणी हाताळण्याची गरज? एकदाही नाही.

चार चॅनलच्या यंत्राचा प्रश्न तिथेच मिटला. इथेच मला वाचक बंधूंना पहिली गोष्ट सांगायची आहे. यंत्र बघायला जाण्याआधी आपले काम मोजा. ज्याचे काम निकाह आणि जलशांचे आहे त्याने कंट्रोलर घेऊच नये. त्याच पैशात चांगला मिक्सर आणि दोन चांगले माइक येतात. ज्याला दोन्ही करायचे आहे त्याने लहान कंट्रोलर आणि लहान मिक्सर अशी जोडी करावी.

यामागे आणखी एक कारण आहे. बहुतेक लहान कंट्रोलर लॅपटॉपच्या यूएसबी तारेवरच चालतात. लॅपटॉप बंद पडला की यंत्रही बंद, आणि त्यात लावलेला माइकही मुका. काझीसाहेबांचा खुत्बा चालू असताना माइक गेला तर त्या मोहल्ल्यात पुन्हा काम मिळणार नाही. माइक मिक्सरवर आणि कंट्रोलरही मिक्सरवर, ही जुळवणी भरवशाची.

हाताने घ्यायच्या परीक्षा

पुढच्या आठवड्यात मूळजी जेठा मार्केटची वसुली आटोपून आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. जाताना भाच्याचा लॅपटॉप आणि त्याची गाणी बरोबर नेली. दुकानदाराचा लॅपटॉप वेगवान असतो आणि त्यातली गाणी यंत्र छान दिसेल अशीच निवडलेली असतात. आपल्या मालावर परीक्षा घ्यावी.

पहिली परीक्षा लयीची. सॉफ्टवेअर गाण्याचे ठेके मोजते आणि ‘सिंक’चे बटण दाबले की दोन गाण्यांचा वेग एक करते. संगणकावर बनलेल्या गाण्याला हे जमते, कारण त्याचा ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा असतो. पण समोर बसून वाजवलेला तबला, ढोलक, टाळी यांचा ठेका माणसाचा असतो; रंग चढला की वेग वाढतो. जुनी कव्वाली लावून आम्ही सिंक दाबले, तर दुसऱ्या मिनिटात दोन्ही ठेके एकमेकांवर आपटू लागले. तेव्हा बटण उपयोगी नाही, कान आणि जॉग व्हील उपयोगी. आपल्याकडच्या लग्नांत अशी गाणी बरीच लागतात, म्हणून जॉग व्हीलची पकड आणि वेगाच्या पट्टीची लांबी नीट तपासावी.

दुसरी परीक्षा वेगाच्या पट्टीची वीण. इथे मला माझी रीड-पिकची काच आठवली. ही पट्टी संगणकाला आकडे पाठवते. काही यंत्रांत फक्त १२८ पायऱ्या असतात, चांगल्यांत १६,३८४. हिशेब करून बघा. वेग वर-खाली १६ टक्के, म्हणजे एकूण ३२ टक्के बदलता येत असेल आणि पायऱ्या १२८ असतील, तर एक पायरी पाव टक्क्याची झाली. मिनिटाला १२० ठेक्यांच्या गाण्यात हा ०.३ ठेक्याचा फरक. कानाला तो लवकरच कळतो. १६,३८४ पायऱ्यांत हा दोष उरत नाही. दुकानदाराला सरळ विचारावे. त्याला सांगता आले नाही तर पट्टी हळूहळू सरकवून पडद्यावरचा आकडा बघावा. तो उड्या मारत असेल तर वीण जाड समजावी.

तिसरी परीक्षा उशिराची. हात फिरवल्यावर आवाज किती वेळाने बदलतो? संगणक आवाज लहान-लहान हप्त्यांत पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने ५१२ नमुन्यांचा हप्ता म्हणजे सेकंदाचे सुमारे १२ हजारांश, आणि २,०४८ नमुन्यांचा म्हणजे ४६ हजारांश. पहिला हाताला जाणवत नाही, दुसरा जाणवतो. हप्ता लहान ठेवला आणि लॅपटॉप दुबळा असला, तर आवाजात टक-टक येते. म्हणून हप्ता लहान ठेवून, दोन गाणी आणि सगळे इफेक्ट चालू करून निदान अर्धा तास यंत्र चालवावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

चौथी परीक्षा जोडणीची. स्वस्त यंत्रात बाहेर जाण्यासाठी फक्त लाल-पांढऱ्या आरसीएच्या पिना असतात. त्यांची तार काही मीटरांहून लांब नेली की भुणभुण येऊ लागते. मोठ्या यंत्रात एक्सएलआरची तीन पिनांची जोडणी असते. ती लांबवर स्वच्छ जाते. पण मिक्सर शेजारीच असेल तर आरसीए पुरते, आणि पुढची लांब तार मिक्सरच्या एक्सएलआरमधून काढता येते. यूएसबीची पिन खोचल्यावर ढिली आहे का हेही हलवून बघावे. स्टेजवर कुणाचा पाय लागला आणि तार निघाली तर सारेच थांबते.

पाचवी परीक्षा जुन्या यंत्रासाठी. प्रत्येक पट्टी आणि गुंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी आणि पडद्यावर बघावे. हात न लावता आकडा थरथरत असेल तर आत धूळ किंवा झीज आहे. क्रॉसफेडर एका टोकाला नेल्यावर दुसऱ्या बाजूचे गाणे बारीकसेही ऐकू येता कामा नये. आम्ही पाहिलेल्या त्या भारदस्त यंत्राची एक पट्टी थरथरत होती, आणि विकणाऱ्याने ते आधी सांगितले नव्हते. मालातला ऐब लपवून विकू नये ही आपल्या दीनची शिकवण आहे. पण समोरचा ती पाळेलच असे धरून खरेदी करू नये.

न दिसणारी किंमत : सॉफ्टवेअर

कापड एकदा विकले की विकले. हे यंत्र तसे नाही. त्याचा जीव सॉफ्टवेअरमध्ये आहे. काही यंत्रांबरोबर सॉफ्टवेअरचा परवाना येतो, काहींबरोबर फक्त लहान आवृत्ती येते आणि पूर्ण आवृत्तीला निराळे पैसे किंवा दरमहा आकार द्यावा लागतो. उदाहरणार्थ, २०२२ च्या अखेरीस जाहीर झालेले पायोनियर डीजेचे डीडीजे-एफएलएक्स४ हे यंत्र जोडले की रेकॉर्डबॉक्स हे त्यांचे सॉफ्टवेअर यंत्र चालवण्यापुरते खुले होते. सेराटोची मात्र लाइट आवृत्ती मिळते, प्रो हवी तर पैसे. व्हर्च्युअल डीजे घरगुती वापराला मोफत आहे, धंद्याला परवाना लागतो. म्हणून भाव विचारताना ‘यंत्र किती’ असे न विचारता ‘यंत्र आणि धंद्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर मिळून किती, आणि दरवर्षी किती’ असे विचारावे.

जुन्या मालात आणखी एक धोका. संगणकाची विंडोज बदलत जाते आणि यंत्राला तिच्याशी बोलायला ड्रायव्हर लागतो. तो बनवणारी कंपनीच उरली नाही तर उत्तम यंत्रही मुके होते. वेस्टॅक्स ही जपानी कंपनी या व्यवसायात नावाजलेली होती. २०१४ साली तिचे दिवाळे निघाले आणि तिच्या ग्राहकांना नवे ड्रायव्हर देणारे कुणी राहिले नाही. जुने यंत्र घेण्याआधी आपल्या लॅपटॉपवरच्या विंडोजसाठी कंपनीचा ड्रायव्हर आहे की नाही, हे स्वतः बसवून बघावे.

गाण्यांच्या फाइलींचेही तसेच. ३२० दर्जाची एमपी थ्री फाइल चार मिनिटांना साडेनऊ एमबीच्या आसपास भरते, १२८ ची चार एमबीच्या आत. पण हलकी फाइल फुगवून ३२० ची करणारे लोक आहेत. वजन वाढते, आवाज तोच. हीही कांजीच. मोठ्या स्पीकरवर ती लगेच उघडी पडते. गाणी पैसे देऊन, सरळ मार्गाने घ्यावीत.

रात्रीचा हिशेब

भाव बदलत असतात, म्हणून हिशेबाची रीत सांगतो. समजा कंट्रोलर ३५ हजार, मिक्सर १५ हजार, लॅपटॉप ४५ हजार, हेडफोन-तारा-पेटी १० हजार. एकूण एक लाख पाच हजार. हे तीन वर्षांत वसूल व्हावे असे धरले तर वर्षाला ३५ हजार. स्पीकर दुसऱ्याचे, आपण फक्त यंत्र घेऊन जाणार आणि रात्रीचे तीन हजार मिळणार असे धरू. रिक्षा आणि दुरुस्तीला पाचशे.

वर्षात ३५ रात्री मिळाल्या तर यंत्राचा भार रात्रीला एक हजार, हातात दीड हजार. २० रात्री मिळाल्या तर भार १,७५०, हातात साडेसातशे. म्हणजे मदतनीस म्हणून मिळणाऱ्या सातशेपेक्षा फक्त पन्नास जास्त, आणि जोखीम सगळी आपली. या धंद्याची परीक्षा यंत्राच्या चमकेत नसून या रात्रींच्या संख्येत आहे. आणि रात्री मोजताना रमजानचा महिना, मोहरमचे दिवस आणि पावसाळा वजा करायला विसरू नये. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्याचा लग्नसराईवर काय परिणाम होईल तेही कॅलेंडर पुढे ठेवून बघावे.

कायद्याच्याही दोन गोष्टी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि बंदिस्त सभागृहाच्या आतला वापर सोडला तर रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. परवानगीचा कागद लग्नघराकडे मागावा, त्याची प्रत आपल्या खिशात असावी. दुसरे, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवण्याला सूट आहे. हॉटेल किंवा कंपनीच्या कार्यक्रमाला ती लागू धरू नये, तिथे परवाना लागतो.

रक्कम कशी उभी करावी?

दुकानात आम्हाला ‘बिनव्याजी हप्त्या’चा कागद पुढे केला गेला. मी रोखीचा भाव विचारला, तो कमी निघाला. मग फरक कशाचा? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज कुठल्या ना कुठल्या नावाने वसूल होते. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी रोखीचा आणि हप्त्याचा भाव दोन्ही लिहून मागावेत, आणि पक्के बिल घ्यावे. वॉरंटी बिलावरच मिळते.

बहिणीच्या बांगड्या मी परत केल्या. भाच्याने स्वतःची शिल्लक घातली, उरलेली रक्कम मी कर्जे हसना म्हणून दिली. घरचा मामला असला तरी दोन साक्षीदारांच्या सहीने ती लिहून ठेवली; सूरह बकरामध्ये कर्ज लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि त्यात मामा-भाच्याला सूट दिलेली नाही. त्याच कागदावर बहिणीची अटही लिहिली. जुन्या भारदस्त यंत्राऐवजी नवा लहान कंट्रोलर आणि मिक्सर घेतला. लॅपटॉप सध्या जुनाच चालवायचा ठरले.

पहिल्या हंगामात त्याला पस्तीस नव्हे, तेवीस रात्री मिळाल्या. त्यांपैकी नऊ तर केवळ माइक आणि मिक्सरच्या होत्या. कंट्रोलर पेटीतच राहिला, पण काम हातचे गेले नाही. दारूच्या दोन पार्ट्यांना त्याने नकार दिला, त्याचा तोटा झाला आणि त्याने तो सहन केला. दिवसा तो माझ्याकडे हिशेबाचे काम करतो. कर्जाचे दोन हप्ते आले आहेत, बाकीचे इन्शाअल्लाह येतील.

आपल्या मुलांनी नव्या यंत्रांचे धंदे जरूर करावेत. थोरांनीही ‘खेळणे’ म्हणून त्यांना उडवून लावू नये. माझ्यासारखी चूक होते. मुलगा यंत्र मागायला आला तर त्याला आधी डायरी मागा. डायरी नसेल तर सांगा, एक हंगाम दुसऱ्याकडे काम कर आणि लिहून आण. मग दोघांनी मिळून बाजारात जावे. त्याचा कान आणि तुमचा हिशेब एकत्र आले, तर खरेदीत फसण्याचे कारण उरत नाही.